पारण्याचं पान

सत्यवतीबाई पडल्या त्या भर टाळ्यांत, हातात नारळ असताना. आणि त्यांचं नाव मोठ्यानं पुकारून त्यांना पुढे बोलावणारी बाई म्हणजे बेबीताई, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे या गोष्टीत बेबीताई बऱ्याच जणांवर तोंड टाकणार आहे. तेव्हा पहिली चूक कोणाची होती, ते ऐकणाऱ्याला ठाऊक असावं.

पासष्ट सालचा मार्गशीर्ष होता. लढाई थांबून दोन महिने होऊन गेले होते, पण जबलपूरच्या शस्त्रांच्या कारखान्यांच्या कानावर ती बातमी गेली नसावी. भोंगे वाजतच होते. दीक्षितपुऱ्यातले मराठी पुरुष पहाटे सायकलीला डबा अडकवून जात, आणि बारा बारा तास यंत्रापुढे उभे राहून परतत ते घरच्यांशी धड बोलायच्याही अवस्थेत नसत. त्या साली पावसानं दगा दिला होता. रेशनवर लाल ज्वारी आणि किडका गहू मिळे, तोही रांगेत अर्धा दिवस घालवल्यावर. त्यातच पंतप्रधानांनी रेडिओवरून देशाला सांगितलं, की सोमवारी रात्रीचं एक जेवण सोडा आणि धान्य वाचवा.

गल्लीतल्या मराठी मंडळानं ते भलतंच मनावर घेतलं. सोमवारी घरात जे पीठ किंवा धान्य वाचेल ते डब्यात घालून रविवारी मंडळाच्या खोलीवर आणायचं, पोती भरली की जवानांसाठी पाठवायची, असं ठरलं. कोठीची किल्ली आली बेबीताईकडे. बेबीताई बेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई. माहेरी सगळ्यांत धाकटी म्हणून बेबी म्हणायचे ते नाव सासरी आलं आणि तिथंच राहिलं. बाई कामाची, आवाजाची खणखणीत, आणि कुठलंही काम हाती घेतलं की त्यात सगळ्यांच्या पुढे जायची खोड. नुसते डबे घेऊन काय मजा, म्हणून तिनं खोलीत फळा लावला. ज्याचा डबा सर्वांत जड, त्याचं नाव वर. घराचं नाव नाही, तर ज्यानं उपास केला त्या माणसाचं नाव, असंही तिनंच ठरवलं. आपल्या या युक्तीचं तिला फार कौतुक होतं.

पहिल्या दोन रविवारी फळ्यावर तरण्या बायांची नावं होती. मग हळूहळू ती खाली गेली आणि म्हाताऱ्या माणसांची वर चढली. त्यांचे नुसते सोमवार नव्हते. शनिवार होता, एकादशी होती, चतुर्थी, प्रदोष. आपल्या पंचांगात उपासांना काय तोटा. सत्यवतीबाईंचं नाव तर सलग पाच रविवार पहिलं. बेबीताई ते वाचून दाखवी, मंडळी टाळ्या वाजवीत, आणि अडुसष्ट वर्षांची ती बारकी विधवा पदर सावरून खाली बघत हसे. आठवड्यात एक जेवण सोडून एवढं पीठ कसं वाचतं, हा हिशेब शाळेतल्या पोरालाही सुचला असता. मंडळातल्या एकाही शहाण्याला सुचला नाही.

त्या पाचांनंतरच्या रविवारी त्यांना नारळ द्यायचं ठरलं. सत्यवतीबाई उठल्या, पुढे आल्या, नारळ घेतला आणि पायातला जोर निघून गेल्यागत खाली बसल्या, बसल्या त्या आडव्याच झाल्या. नारळ घरंगळत फळ्याखाली गेला.

दोन घरं सोडून डॉक्टर अच्युतराव राहत. ते बनियनवरच धावत आले. नाडी पाहिली, डोळ्यांखालचं कातडं ओढून पाहिलं, मग बाईंच्या चोळीची बाही वर सारून दंडाभोवती आपला अंगठा आणि एक बोट मिळवलं. दोन्ही टोकं सहज एकमेकांना लागली. त्यांनी सून शैलजाला विचारलं, की काल यांनी काय खाल्लं. शैलजा म्हणाली, काल शनिवारचा उपास होता. परवा? परवा एकादशी होती. त्याच्या आदल्या दिवशी? तो मार्गशीर्षातला गुरुवार. डॉक्टरांनी विचारलं, उपासाला काय घेतात. शैलजा म्हणाली, चहा.

"आजार काही नाही जी," डॉक्टर उठत म्हणाले. "पोटात अन्न नाही, बस. महिना-दीड महिन्यापासून नाही. आता एकदम नका जेवू घालू, पातळ द्या, थोडं थोडं द्या, रोज द्या. नाही दिलं तर ही थंडी काही ह्या काढत नाहीत."

बेबीताईच्या हातातला खडू तेवढा आता सगळ्यांना दिसत होता. तिनं तो खिडकीवर ठेवला. लाज वाटायला हवी होती, पण लाजेच्या आधी संताप आला. तिचं नेहमी असंच होई.

दुपारी ती सत्यवतीबाईंच्या घरी गेली. त्यांचा मुलगा शशिकांत कारखान्यात ड्रिलिंग मशीनवर होता. आठवड्याची एकच सुटी, त्यामुळे अंगणात बाजेवर पडला होता. बेबीताईनं त्याला उठवून बसवलं आणि विचारलं, की घरात पाच माणसं ताटावर बसतात, त्यातलं एक रोज उठून जातं, हे तुला दिसत नव्हतं का. शशिकांतनं डोळे चोळले. त्याच्या मते आईला पहिल्यापासून देवाधर्माची हौस. सोडते म्हणते तर सोडू द्यावं, पुण्याच्या कामात आपण काहून आडवं यायचं. आणि वर त्यानं कौतुकानं सांगितलं, की आई अशी आहे की कधी तक्रारीचा एक शब्द काढत नाही. भाजीत मीठ कमी असलं तरी बोलत नाही.

मग बेबीताईची जीभ सुटली. आई उपाशी मरायला निघाली तरी तिचं पुण्य मोजणारा लेक तिनं जन्मात पाहिला नव्हता, हे तिनं त्याला ऐकवलं. शैलजा दाराआड उभी होती. तिलाही सोडलं नाही. ताट वाढते तिला ठाऊक नसतं, मग कुणाला असतं? शैलजानं पदर डोळ्यांना लावला. बोलला तो शशिकांत, तेही आवाज न चढवता.

"ताई, फळ्यावर दुसरं नाव विठोबाकाकांचं राहते. ते तुमच्याच घरी जेवतात नं?"

बेबीताई तशीच घरी निघाली.

विठोबा म्हणजे तिचे सासरे. एकतीस वर्षं कारखान्यात ओतकाम करून निवृत्त झालेले. एके काळी वितळलेल्या लोखंडाची पळी दोघांनी उचलायची असे, तर हे दुसऱ्याची वाट पाहत नसत. आता तोंडात चार दात होते आणि दिवसाचं काम म्हणजे रेशनच्या रांगेत उभं राहणं. बेबीताईला दिवाळीच्या आधीची ती सकाळ आठवली. विठोबा म्हणाले होते, माझ्या दोन पोळ्यांचं पीठ काढून डब्यात टाकत जा. आणि ती काय म्हणाली होती? ती हसून म्हणाली होती, मामंजी, तुमच्या वयाला लागतं तरी कितीसं. म्हणाली आणि लगेच दोन मुठी पीठ डब्यात टाकून मोकळी झाली. रोज, न चुकता. चोरी नाही, छळ नाही, काही नाही. सून म्हणून तिला त्याचं समाधानच वाटत आलं होतं.

विठोबा ओट्यावर उन्हाला बसले होते. बंडी अंगाला लागत नव्हती, खुंटीला टांगल्यासारखी खांद्यांवरून लोंबत होती. हा माणूस रोज तिच्या डोळ्यांसमोर होता. बेबीताईनं त्यांची बाही वर केली आणि डॉक्टरांनी केलं तसं अंगठा आणि बोट दंडाभोवती फिरवलं. बोटं मिळाली.

"हे काय करून राहिली बाप्पा?" विठोबांनी विचारलं.

आत जाऊन तिनं देवळीतला मंडळाचा डबा काढला. सकाळच्या गोंधळात तो द्यायचा राहूनच गेला होता. तिनं सगळं पीठ परातीत ओतलं आणि मळायला घेतलं. मळताना तिला रडू येत होतं आणि रडू येतं म्हणून आणखी राग येत होता. चार पोळ्या तूप लावून तिनं सासऱ्यांपुढे ठेवल्या. विठोबांनी एक खाल्ली, दुसरी अर्धी मोडली आणि हात मागे घेतला. नाटक नव्हतं, पोटच आकसलं होतं. ती भांडायला लागली तेव्हा त्यांनी तिला शेजारी बसवलं.

"तुझा दोष नाही पोरी. कारखाना सुटल्यापासून मी कोणाले काही दिलं नव्हतं. जो तो मलाच देऊन राहिला. मग तो फळा लागला. वाटलं, चला, अजून आपल्याजवळ द्यायले काही आहे."

हे ऐकून तिचा राग शांत झाला असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं बेबीताई पाहिलेली नाही. आधी तिला गल्लीचा राग आला होता. आता त्यात स्वतःचा मिळाला आणि दुप्पट झाला.

त्या रात्री नवरा नीलकंठ पाळीवरून आला तेव्हा त्याच्यापुढे तिनं ताट ठेवलं आणि बेत सांगितला. गल्लीत साठीच्या पुढची सात माणसं होती. मंडळाच्या खोलीत रोज सकाळी त्यांच्यापुरतं शिजवायचं आणि सातांना डोळ्यांदेखत जेवू घालायचं. प्रत्येक घरातून धान्याची मूठ येतेच आहे, तीच मूठ. नीलकंठ दमलेला होता, तो हो म्हणाला. नाही म्हणाले ते विठोबा. त्यांचं म्हणणं साधं होतं. फुकटच्या पानावर एकही म्हातारा बसणार नाही. बसला तर लोक म्हणतील, लेकसून खायला घालत नाहीत, आणि लेकाची अब्रू घालवून कोण जेवेल. बेबीताई म्हणाली, मग मरा सगळे अब्रू सांभाळत. विठोबा बराच वेळ सुपारीचं खांड तोंडात घोळवत राहिले.

"असं कर," ते शेवटी म्हणाले. "जेवण म्हणू नको. पारणं म्हण. आमचे उपास झाले नं? मग ते सोडवायले पाहिजे. पारणं केल्याबिगर उपास देवाला पोचत नाही, हे तर तुझ्या मुरलीधरपंतालाही ठाऊक असंन. पारण्याचं पान असलं तर मी स्वतः सगळ्यांना घेऊन येतो."

मुरलीधरपंत मंडळाचे सेक्रेटरी. सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते आणि घरीही हेडक्लार्कच होते. दुसऱ्या दिवशी बेबीताई त्यांच्याकडे गेली तेव्हा ते शनिवारच्या समारंभाचं भाषण लिहीत होते. कोठीत चार पोती भरली होती, ती सिव्हिल लाइन्समधल्या एका मोठ्या साहेबाच्या बंगल्यावर वाजतगाजत न्यायची, फोटो काढायचे, असं ठरलं होतं. पंतांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, की झालं ते वाईट झालं, पण म्हाताऱ्या माणसांचं ज्याचं त्यानं घरी पाहावं. मंडळाचं काम राष्ट्रीय आहे. आणि त्यात पुढच्या रविवारी डबे कमी आले तर दुसऱ्या गल्लीचं मंडळ पुढे जाईल.

"पंत, ती चार पोती जवानांची आहेत, त्यांना मी हात लावत नाही," बेबीताई म्हणाली. "पण ती कुणाच्या तोंडातून काढली हे आपल्याला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. आता जो डबा येईल तो आधी या गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या पोटात जाईल, उरला तर तुमच्या साहेबाकडे. तुमच्या भाषणात हेही लिहा."

पंतांनी किल्ली मागितली. तिनं ती कनवटीला खोचली आणि सांगितलं, किल्ली पाहिजे तर सभा बोलवा, सभेत सगळ्यांसमोर मागा, आणि कशासाठी मागता तेही सगळ्यांसमोर सांगा. पंतांनी सभा बोलावली नाही.

मग चार दिवस ती घमेलं घेऊन घरोघर फिरली. मूठ मागायच्या आधी प्रत्येक दारात तिचा एकच प्रश्न असे: तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसानं काल काय खाल्लं? एका घरी सून विचार करू लागली. दुसऱ्या घरी लेकानं बायकोकडे पाहिलं आणि बायकोनं नवऱ्याकडे. एका घरी म्हातारीच आतून ओरडली, की जेवले हो, पोटभर जेवले, आणि नातीनं सांगितलं की आजी खोटं बोलून राहिली. वाईट माणूस त्यांच्यात कुणीच नव्हता. सगळे आपल्या आईबापांच्या पाया पडणारे. पाया पडताना पायांच्या काड्या झालेल्या कुणाला दिसल्या नाहीत, हाच तर बेबीताईच्या कपाळशुळाचा विषय होता. तिनं कुणालाही सोडलं नाही. दोन घरांनी तिच्याशी बोलणं टाकलं, पण मूठ दिली.

शुक्रवारी सकाळी मंडळाच्या खोलीत चूल पेटली. रेशनचीच ती लाल ज्वारी. बेबीताईनं ती भरडून तिच्या मऊ कण्या शिजवल्या, त्यात ताक घातलं. लाल भोपळ्याची भाजी केली, दात नसलेल्याला चालेल अशी. मुगाचं घट्ट वरण केलं. फळा आदल्या दिवशीच ओल्या फडक्यानं पुसून टाकला होता. अकरा वाजता विठोबा आले, धुतलेलं धोतर नेसून, स्वतःचं ताट काखेत मारून, आणि त्यांच्या मागून पाच जण. देवाला हात जोडले, पानाभोवती पाणी फिरवलं आणि उपास सोडायला बसले. आधी कुणी कुणाकडे पाहीना. मग वरण वाढताना एका म्हातारबुवांनी ताट नकळत पुढे सरकवलं, आणि ते पाहून बेबीताईला तोंड फिरवून चुलीकडे जावं लागलं.

सहा जण झाले होते. सातवं पान रिकामंच होतं.

सत्यवतीबाई आल्या नव्हत्या. रविवारपासून त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. शैलजानं पेज केली, ती तशीच परत गेली. शशिकांतनं हातापाया पडून पाहिलं. डॉक्टर दोनदा येऊन गेले.

बेबीताई ताट झाकून घेऊन गेली. सत्यवतीबाई अंगणात उन्हात गोधडीवर पडल्या होत्या. बेबीताईनं ताट ठेवलं, पारण्याचं सांगितलं, सगळे आले होते हे सांगितलं. बाईंनी मान हलवली.

"विठोबाचं ठीक आहे जी, ते रेशनच्या रांगेत उभे राहतात. मी काय करते घरात? दोन लेकरं वाढीची, शशी बारा तास उभा राहते. मी खाल्लं का न खाल्लं, कोणाचं काय अडते?" त्यांना दम लागला. त्या थांबल्या आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "हे गेल्यापासून माझं नाव कोणी घेतलं नव्हतं, बेबी. आई, आजी, सासूबाई, म्हातारी. नाव तू घेतलं. फळ्यावर लिहिलं, सत्यवती म्हणून. आता खायले लागले का तेही गेलं."

बेबीताईला वाटलं, त्या फळ्यावर डोकं आपटावं. तिनं बाईंना सांगितलं, की फळा पुसला आहे. आता जो जेवेल त्याचंच नाव लिहिणार.

"जेवण्यासाठी कोणी नाव लिहिते का?"

"मी लिहिते."

सत्यवतीबाईंनी तोंड भिंतीकडे केलं. जेवून नाव लावून घ्यायचं म्हणजे त्यांना लाजच वाटली असावी. समजावण्याचं तिच्याजवळचं सगळं संपलं होतं. शिव्या देण्याची सोय नव्हती, पाया पडून शशिकांत हरला होता. मग ती अंगणाच्या दाराच्या उंबऱ्यावर बसली, पदर खोचून नीट मांडी घालून.

"मी पहाटेपासून चुलीपुढे होते," ती म्हणाली. "माझ्या पोटात अजून पाण्याचा घोट नाही. आज शुक्रवार आहे आणि मी सवाष्ण आहे. तुमच्या दारात बसले आहे. तुम्ही जेवाल तेव्हा मी जेवीन. नाही जेवलात तर उपाशी उठून जाईन, आणि गल्लीला सांगीन, सत्यवतीबाईंच्या दारातून शुक्रवारी सवाष्ण उपाशी गेली."

भिंतीकडे केलेलं तोंड वळलं. साठ वर्षं ज्या बाईनं दारातून भिकारी उपाशी जाऊ दिला नव्हता, तिच्या डोळ्यांत आता खराखुरा राग होता, आणि आठवडाभरात पहिल्यांदाच त्या डोळ्यांत काहीतरी होतं. त्या म्हणाल्या, असं नको बोलू. म्हणाल्या, शैलजा, ताईंचं पान वाढ. शैलजानं पान वाढलं. बेबीताईनं हात लावला नाही. सत्यवतीबाईंनी शपथ घातली. बेबीताई बसून राहिली. तासभर गेला असेल. ऊन भिंतीवर चढलं. आईच्या काळजीनं शशिकांत त्या दिवशी अर्धी पाळी टाकून आला, सायकल भिंतीला लागली आणि तो दारात दोघींकडे बघत उभाच राहिला. बेबीताईनं त्यालाही आत येऊ दिलं नाही, उंबरा सोडला असता तर सवाष्ण उठली असं झालं असतं.

"तू फार वाईट बाई आहेस," सत्यवतीबाई शेवटी म्हणाल्या.

"हौ," बेबीताई म्हणाली.

शैलजानं सासूच्या पाठीमागे बसून त्यांना आपल्या अंगावर टेकवलं. बेबीताईनं ताटावरचं झाकण काढलं. सत्यवतीबाईंनी पानाभोवती पाणी फिरवायला हात उचलला, तो शैलजानं खालून धरला. त्यांनी कण्यांचा एक घास घेतला. बराच वेळ तो तोंडात राहिला. मग गळ्याची शीर हलली. दुसरा घास त्यांनी स्वतः घेतला. तेव्हा बेबीताईनं आपल्या पानातला पहिला घास घेतला. दारात शशिकांत चपला हातात घेऊन उभा होता, त्या का काढल्या आणि कुठे ठेवायच्या ते त्याला सुचत नव्हतं.

तिसऱ्या घासाला सत्यवतीबाई थांबल्या. त्यांनी कपाळाला आठी घातली.

"कण्यांत मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

शशिकांतच बेबीताईच्या कडेनं वाट काढून आत धावला. स्वयंपाकघरात त्याच्या हातून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला, आणि मूठभर मीठ तळहातावर घेऊन तो बाहेर आला, एका माणसाच्या ताटाला आठ दिवस पुरेल एवढं. सत्यवतीबाई म्हणाल्या, इतकं कोण खाते, आणि बोटानं चिमूटभर उचललं.

संध्याकाळी बेबीताईनं खोली उघडली आणि फळ्यावर सात नावं लिहिली. मुरलीधरपंत कचेरीतून परतताना दारात थांबले आणि नावांपुढे वजन का नाही, असं त्यांनी विचारलं. बेबीताईनं सातव्या नावापुढे खडूनं लिहिलं, मीठ कमी पडलं, उद्या जास्त घालणे. मग तिनं खडू पंतांच्या हातात दिला आणि सांगितलं, उद्या शनिवार आहे, समारंभाच्या आधी अकरा वाजता या आणि वाढायला लागा.